तिच्या मापाची सायकल

१८ जानेवारी, रविवार

यादी.

अ‍ॅलन कीचा पूर्ण संच. पंधराचा पातळ पाना — जाडा पायडलच्या फटीत शिरत नाही. चेन तोडायचं हत्यार. तार कापायची कात्री — साध्या पकडीने कापली तर तारेचं टोक झाडूसारखं पिंजारतं. स्पोकची किल्ली. टायर उचकटायच्या पट्ट्या, प्लास्टिकच्या. हॅक्सॉ. ग्रीस. जुनी पांढरी चादर.

यातलं माझ्याकडे काय आहे? चादर. तीही ताईची.

वही यादीसाठीच घेतली होती. पण यादी संपली तरी पेन खाली ठेवावंसं वाटेना. सहा दिवस मी कुणाशी धड बोललेलो नाही. इथे लिहिलं की बोलल्यासारखं वाटतं का, बघू.

नाही वाटत. तरी लिहितो.

२० जानेवारी, मंगळवार

एकदाच लिहून टाकतो, म्हणजे डोक्यात फिरायचं थांबेल.

गेल्या सोमवारी, बारा तारखेला, प्रॅक्टिकलची वही कॉलेजच्या ऑफिसात द्यायची शेवटची वेळ पाच. वही घरी राहिलेली. आमच्या वर्गातल्या तिने स्वतःहून सायकल दिली. हिरवी माउंटन बाइक, सीटच्या दांड्याला लाल पट्टी. एवढंच म्हणाली, ‘सीटला हात लावू नकोस हं.’ मी सहा फुटांचा माणूस — गुडघे हनुवटीला आपटत घरी गेलो नि परत आलो. पाच वाजून दोन मिनिटं. क्लार्क खिडकी ओढत होता. ‘साहेब, दोनच मिनिटं —’ तर म्हणतो, ‘तुला रोजच दोन मिनिटं लागतात.’ मागचे हसले. ते हसले नसते तर कदाचित... असो. माझा हात खिडकीवर बसला. काच तडकली. पुढे मी जे बोललो ते या वहीतही नको.

तसाच मागच्या फाटकाने तरातरा घरी आलो. चालत! सायकल ऑफिसच्या पायऱ्यांखाली, कुलूप न लावता. संध्याकाळी खिशात हात घातला तेव्हा तिच्या कुलपाची किल्ली हाताला लागली. धावत सुटलो. पायऱ्या होत्या. सायकल नव्हती.

तिला मेसेज केला — सायकल गेली, माझ्यामुळे, भरून देईन. तिचं उत्तर — ‘असू दे.’ दोन शब्द. तिने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं!

कॉलेजने माफीचं पत्र मागितलं. नाही दिलं. नावच काढून घेतलं. सगळ्यांना वाटतं काचेमुळे. काचेचं काय एवढं? त्या आवारातून ती पायी जाताना दिसली असती. ते बघत मी बाकावर बसणार होतो?

म्हणून यादी. तिची सायकल — तशीच, तोच रंग, तेच माप — घरी बांधायची. १५ मार्चला कॉलेजची टेकडीची फेरी. गेल्या वर्षी शेवटच्या चढावर तिला उतरावं लागलं होतं. डिसेंबरात म्हणाली होती, ‘या वर्षी पाय टेकणार नाही.’

१५ मार्चच्या आत. कसंही करून.

२३ जानेवारी, शुक्रवार

काम मिळालं. पार्सलचं गोदाम. पट्ट्यावरून खोकी येतात, पिनकोड बघून पिंजऱ्यात टाकायची. नाव कुणी विचारत नाही. स्पीकरवरून आवाज येतो — ‘सहा नंबर, हात चालवा!’ मी सहा नंबर. जेवणाच्या सुट्टीत सगळे घोळक्याने बसतात. मी खोक्यांच्या मागे. डबा उघडला की ताईने आज काय दिलंय ते मी मनातल्या मनात कुणाला तरी सांगतो. कुणाला ते लिहायला नको.

२५ जानेवारी, रविवार

बस थांब्याजवळ सायकलचं दुकान आहे. त्या काकांना सगळे वॉशरकाका म्हणतात, कारण काहीही बिघडो — ‘वॉशर घाल!’ माळ्यावर एक जुना सांगाडा टांगलेला. सतरा इंची. अगदी तिच्यासारखा! मी मागितला. काकांनी चष्म्यावरून मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. पाहायला बराच वेळ लागला.

‘तू विजेचा खांब. हा सांगाडा तुला? बसलास तर कान झाकशील गुडघ्यांनी.’

‘मला नाही.’

‘मग कुणाला?’

आता काय सांगणार? आणि मग तोंडातून निघालं — ‘ताईला.’

‘त्या चष्म्याच्या दुकानातल्या? रोज इथूनच बसला जातात त्या? हां, त्यांना बसेल.’ आणि सांगाडा खाली काढला. बदल्यात रविवारी सकाळी त्यांच्याकडे चाकांच्या मधले हब धुवायचे, त्यांतले छर्रे बदलायचे. शिकणंही होईल.

खोटं बोललो. पण कुणाचं काय बिघडलं त्याने?

१ फेब्रुवारी, रविवार

गॅलरी मिळाली! ही गॅलरी म्हणजे माझी खोली — माझी खाट, ताईचे कपडे वाळत घालायचे दांडे, दाजींच्या जुन्या वर्तमानपत्रांचा डोंगर. आज दुकानातून आलो तर दांडे गायब, डोंगर गायब. ताई फरशी पुसत होती.

‘कपडे आता स्वयंपाकघरात वाळत घालेन. तुला जागा लागेल ना?’

दाजी दारात उभे. ‘माझी पस्तीस वर्षांची विद्या रद्दीत गेली बरं का, मेव्हणेबुवा. सायकल चांगली झाली पाहिजे.’

ताईला माझी कीव येते. लग्न होऊन तीन वर्षं झाली, आणि कॉलेज सोडलेला भाऊ गॅलरीत. आई फोनवर ‘जेवलास का’ विचारते, बाबा फोनवर येतच नाहीत. ताई काहीच विचारत नाही. ते जास्त लागतं.

सायकल टांगायचा स्टँड केला — जुन्या टेबलाचे पाय, लाकडी चिमटा, आतून ट्यूबचं रबर, म्हणजे रंग खरवडणार नाही. हलवून पाहिला. डुगडुगतो. वॉशर घातला. थांबला!

५ फेब्रुवारी, गुरुवार

पाऊण तास मोबाइल हातात धरून बसलो. ‘असू दे’च्या खाली काही लिहावं म्हणून. नाही लिहिलं.

८ फेब्रुवारी, रविवार

गाढव! गाढव! गाढव!

पायडल ज्या आसाभोवती फिरतात तो आस काढायचा होता, जुना, गंजलेला. काकांकडून हत्यार आणलं. डावी बाजू निघाली. उजवी निघेना. म्हटलं, गंज. पान्याला लोखंडी पाइप जोडला, पाय दिला, दात खाल्ले. तसूभर हलेना. मग हातोडा घेतला. दाजी म्हणाले, ‘अरे, तिने काय तुझं घोडं मारलंय?’ आणि मी त्यांच्यावर ओरडलो. दाजींवर! ते आत गेले.

सांगाडा खांद्यावर टाकून दुकानात गेलो. काकांनी नुसतं बोट लावलं. ‘उजव्या बाजूचे आटे उलटे असतात. तू एवढा वेळ ती सोडत नव्हतास, आवळत होतास.’

एवढा वेळ आवळत होतो!

‘बाहेर बस,’ काका म्हणाले. ‘हात गार होऊ देत. गरम हाताने आटे खातोस तू.’ मी पायरीवर बसून राहिलो. आतून ‘कट्’ असा आवाज आला. उलट्या बाजूला फिरवलं नि निघालं. आटे शाबूत आहेत. जेमतेम.

मग काकांनी त्यांची पद्धत दाखवली. पांढरी चादर अंथरायची. पहिला निघालेला भाग डावीकडे, मग दुसरा, मग तिसरा — ओळीने. वॉशरसुद्धा आपल्या जागेवर. बसवताना उजवीकडून सुरुवात. ‘हात भराभर चालला की ओळ मोडते. ओळ मोडली की थांबायचं.’

घरी येऊन दाजींची माफी मागितली. म्हणाले, ‘आटे उलटे होते, असं समजू.’

११ फेब्रुवारी, बुधवार

ताईने निळा शर्ट भिजत घातला होता!! बादलीतून ओढून काढला. तिच्यावर खेकसलो. ती बघतच राहिली. दाजी म्हणाले, ‘शर्ट आहे की खरेदीखत?’

कसं सांगू? त्या दिवशी तोच शर्ट होता अंगावर. सायकलशेजारी उभा राहिलो तेव्हा तिची सीट खालून दुसऱ्या बटणाला आली होती. पक्कं आठवतं, कारण बटण सीटच्या शिवणीत अडकलं होतं नि ती हसली होती. तेच माझं माप. शर्ट आक्रसला की माप गेलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

सांगाडा घासून रंगवला. हिरवा. चार पातळ हात, मध्ये वाळू द्यायचं. ताई दारातून बघत होती.

‘हिरवाच का रे? निळा बरा दिसला असता.’

‘हिरवाच पाहिजे.’

‘बरं. हिरवा.’ जाताना वळून म्हणाली, ‘हिरवाही छान दिसेल.’

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सीटचा दांडा बसवला. काकांची सक्त ताकीद — आत ग्रीस चोपडल्याशिवाय घालायचा नाही. ‘नाहीतर गंजून एकजीव होतो. मग सीट ना वर ना खाली. जन्मभर तिथेच.’ चोपडलं. शर्ट घातला, शेजारी उभा राहिलो, खालून दुसरं बटण. लाल पट्टी गुंडाळली. मागे सरून पाहिलं.

ती सिग्नलला कशी थांबायची! डाव्या पायाच्या नुसत्या अंगठ्यावर. टाच हवेत, सगळं अंग ताणलेलं — हिरवा दिवा लागला की उडूनच जाईल असं. इतकं सुंदर थांबताना मी कुणालाच पाहिलेलं नाही. ऐंशी जणांच्या वर्गात कुणाला हे दिसलं नसेल. मला दिसलं. मी सांगितलं कधीच नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

ताईने बूट आणले. पांढरे, कॅनव्हासचे. म्हणाली, दुकानात दिवसभर उभं राहायचं, चपलांनी टाचा दुखतात. दाजी म्हणाले, ‘पुलावरून सरळ गेलं तर हिचं दुकान पंचवीस मिनिटं. बसने दोन ठिकाणी बदलून सव्वा तास. काय गंमत आहे बघ.’ मी म्हटलं, हो का. त्यांना आज बोलायला विषय नसेल.

१ मार्च, रविवार

दोन आठवडे उरले!

पुढच्या चिमट्याची नळी कापली. चार वेळा मोजली, पाचव्यांदा काकांना मोजायला लावली. कापलेलं परत जोडता येत नाही. हँडलच्या वाट्या दाबून बसवायचं हत्यार महाग, म्हणून काकांची युक्ती — लांब आट्यांची सळई, दोन्हीकडे जाड वॉशर, नट. पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. हातोडा नाही! वाटी अशी सरकली, जशी लोण्यात. एकटाच ‘वा!’ म्हणालो. मोठ्याने. मग इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं.

काम जमलं की जास्त एकटं वाटतं. बिघडलं की निदान शिव्या द्यायला हत्यार तरी असतं.

४ मार्च, बुधवार

‘घंटी असणार ना रे?’ ताईने जेवताना विचारलं.

‘डोंगरावरच्या सायकलला घंटी नसते.’

‘हो का,’ म्हणाली.

८ मार्च, रविवार

गिअर. चेन एका चक्रीवरून दुसरीवर ढकलणारा मागचा डिरेलर, त्याचे दोन स्क्रू इतके बारीक की माझ्या स्क्रू ड्रायव्हरने त्यांची तोंडं खराब होत होती. ताई उठली, पर्समधून चष्म्याचा छोटा स्क्रू ड्रायव्हर काढला. ‘अर्धा फेराच फिरव. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवताना आम्ही तसंच करतो.’ ती पायडल हाताने फिरवत बसली, मी स्क्रू. कट, कट, कट — सगळे गिअर ओळीने पडले. ती टाळ्या वाजवायला लागली. लहानपणी मला तिची सायकल मिळाली होती — नववीत गेली तेव्हा तिची काढून मला दिली घरच्यांनी. आज अचानक आठवलं. तिने तेव्हा काय केलं, ते मात्र आठवत नाही.

उरलं काय? ब्रेक. दोन कुलुपं — दोन! चाचणी.

१२ मार्च, गुरुवार

लिहायची लाज वाटते.

गोदामातून लवकर सुटलो. घरात शिरलो, गॅलरीत पाहिलं — सायकल स्टँडवर, आणि सायकलवर ताई. पांढरे बूट घातलेले. दोन्ही हात हँडलवर. डोळे मिटलेले. मागचं चाक हवेत हळूहळू फिरत होतं.

मी ओरडलो. ‘उतर! ती तुझी नाहीये!’

चाक फिरतच राहिलं. ती उतरली. रुमाल काढून सीट पुसली. हँडलही पुसलं.

‘दुकानातले काका म्हणाले होते, भाऊ तुमच्यासाठी सायकल बांधतोय... जानेवारीतच. मला वाटलं तू मला चकित करणार आहेस, म्हणून मी काही बोलले नाही.’

दाजी तिच्या मागे उभे होते. दाजींना काहीतरी चटकन सुचतंच. आज सुचलं नाही.

आता सगळं दिसतंय. दांडे. रद्दी. बूट. पंचवीस मिनिटं. घंटी! दीड महिना ती या सायकलच्या भोवती पावलं न वाजवता फिरत होती, आणि मी म्हणत होतो तिला माझी कीव येते.

तिला सगळं सांगितलं. हिरव्या सायकलचं, किल्लीचं, पायऱ्यांचं. तिने ऐकून घेतलं. ‘बरं,’ म्हणाली. ‘मग वेळेत नेऊन दे.’ आणि बूट काढून खोक्यात ठेवले. कागदात गुंडाळून, नवे असताना होते तसे.

१४ मार्च, शनिवार

दिली नाही. म्हणजे, घेतली नाही. नीट लिहितो.

कॉलेजच्या फाटकाशी गर्दी. उद्याच्या फेरीचे नंबर वाटत होते. ऑफिसच्या खिडकीला नवी काच. क्लार्कने माझ्याकडे पाहिलं. ओळखलंही नाही.

ती दिसली. हातात एक सायकल — पिवळी, बुटकी, कोरी करकरीत.

‘अय्या, तू! होतास कुठे?’

महिनाभर पाठ केलेलं भाषण होतं. त्यातले दोनच शब्द निघाले. ‘ही तुझी.’

ती सायकलभोवती फिरली. रंग, पट्टी, हँडल. ‘अरे, अगदी तीच!’ हसली. तेच हसू. मग तिने सीटवर तळवा ठेवला. ‘सीटसुद्धा तेवढीच?’

‘खुणेवर आहे. तूच म्हणालेलीस ना, हात लावू नकोस.’

‘अरे वेड्या! ती गंजून बसली होती. माझ्या दादाची सायकल ती, पट्टी त्याच्या उंचीची. तो गेला नोकरीला, सायकल आली माझ्याकडे. खाली होईचना सीट. तू जोर लावलास तर दांडा मोडेल, म्हणून म्हटलं हात लावू नकोस. दोन वर्षं गुडघे दुखले माझे. सिग्नलला पाय पोचायचा नाही, अंगठ्यावर लटकायचे नुसती! गेल्या वर्षी चढावर उतरले ते का? एकदा थांबलं की परत चढताच यायचं नाही त्यावर.’

अंगठ्यावर लटकायची.

‘ती गेली म्हणून बाबांनी ही घेऊन दिली. माझ्या मापाची. खरं सांगू? बरंच झालं.’

बरंच झालं!

मी खिशातून अ‍ॅलन की काढली. ‘ग्रीस लावलंय हिला. आत्ता खाली करतो. दोन मिनिटं —’

‘नको रे,’ ती म्हणाली. चिडून नाही. हळू. ‘असू दे म्हणाले होते ना मी?’

‘मला वाटलं, रागावलीस.’

‘रागावले असते तर रागावले असते. असू दे म्हणजे असू दे. विचारायचंस ना मला!’ माझ्या हातांकडे बघितलं तिने. नखांतलं काळं काही निघत नाही हल्ली. ‘एवढं सगळं... कशाला केलंस?’

हे उत्तर मला येत होतं. यापेक्षा जास्त कुठलंच उत्तर येत नव्हतं. पण मागून कुणीतरी विचारलं, ‘कोण गं?’ आणि ती वळून म्हणाली, ‘आमच्या वर्गात होता.’

मी म्हटलं, ‘उद्या पाय टेकू नकोस.’ ती म्हणाली, ‘नाही टेकणार.’ मनापासून म्हणाली. चांगली मुलगी आहे. मीच तिला कधी पाहिलं नव्हतं. एका गंजलेल्या नळीचं माप घेऊन बसलो होतो, शर्टाला पाणी न लावता.

परत येताना सायकलवर बसलो नाही. हातात धरून आणली.

१५ मार्च, रविवार

आज फेरी. दिवसभर खाटेवर. तिकडे ऊन फार असेल.

१७ मार्च, मंगळवार

ताईला म्हटलं, ‘सायकल तुझी.’

ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. ‘नको रे. कुणाची ते कळलं नव्हतं तोवर माझी होती. आता बसले तर दुसऱ्या कुणाच्या जागेवर बसल्यासारखं वाटेल.’

मी म्हटलं, ‘अगं, पण तिने घेतली नाही.’

लाटणं थांबलं. ‘म्हणून मला?’

मी गॅलरीत आलो. आणखी एकदा आवळायचं ते आवळलं. कुठे उलटं फिरवायचं ते मला कधी कळणार?

१९ मार्च, गुरुवार

वॉशरकाकांना सांगितलं सगळं. खोटं बोललो होतो तेही. वाटलं, म्हणतील, वॉशर घाल. तसं म्हणाले नाहीत. हातातला हब फिरवत म्हणाले, ‘आता नुसतं तोंडाने बोलून ती त्यांची होईल का रे? चादर आहे ना तुझ्याकडे?’

२२ मार्च, रविवार

चादर अंथरली. सगळी सायकल सोडवली. शेवटच्या वॉशरपर्यंत. डावीकडून उजवीकडे, ओळीने — खाटेपासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत ओळ गेली. ताईला ओलांडून जावं लागत होतं. ती ओलांडत होती.

उजवा आटा उलटा फिरवला. बोटाने निघाला!

हिरवा रंग घासून काढला. लाल पट्टी सोलून फेकली. निळा शर्ट फाडून त्याची फडकी केली. दाजी म्हणाले, ‘अरे, खरेदीखत फाडलंस?’ — दहा दिवसांत त्यांचा पहिला विनोद. हसलो. रडायलाही आलं. रंगाचा वास फार होता, म्हणून चाललं.

२५ मार्च, बुधवार

निळ्याचे चार हात झाले. वाळतोय.

माप कसं घ्यायचं? ताई सायकलवर बसणार नाही. पण काका सांगत असतात, सायकलशेजारी उभं राहिलं की सीट कमरेच्या हाडाला आली पाहिजे. ताई ओट्याशी उभी राहते तेव्हा तिचं ते हाड ओट्याच्या काठाच्या तीन बोटं वर येतं. दोन दिवस नीट बघून ठरवलं. ती कामाला गेल्यावर ओटा मोजला, तीन बोटं मिळवली.

जन्मभर बघत आलोय या माणसाला. मोजताना लक्षात आलं, ती डाव्या पायावर भार देऊन उभी राहते. टाच दुखते तिची. खरंच दुखते.

२८ मार्च, शनिवार

उजवीकडून सुरुवात करून सगळी बसवली. एकदाही ओळ मोडली नाही. सीटच्या दांड्याला ग्रीस, मग ओट्याचं माप. जुन्या जागेपासून किती सरकली असेल? अर्धं बोट. वर.

घंटी लावली. वाजवून पाहिली. आत भांड्यांचा आवाज क्षणभर थांबला.

किल्ल्या ताईच्या डब्याच्या पिशवीशेजारी, खिळ्याला लावल्या. काही बोललो नाही. बोललो की बिघडतं.

२९ मार्च, रविवार

सायकल जागेवर. किल्ल्या खिळ्यावर. ताईने खिळ्यावरून पिशवी काढली, धुतली, परत लावली. किल्ल्यांना हात लावला नाही.

३० मार्च, सोमवार

सकाळी डोळे उघडले — सायकल नाही!

त्याच पायऱ्या डोळ्यांपुढे. खिळा पाहिला, किल्ल्या नाहीत. दोन्ही कुलुपंही नाहीत! चोर कुलुपं कशाला नेईल?

‘दाजी!’ — ओरडलो. ते दाढी करत होते. गालावर फेस तसाच. म्हणाले, ‘तक्रार द्यायची का? चोराचं वर्णन घे लिहून — उंच, पांढरे बूट, पुलाच्या दिशेने पसार.’

फ्रिजवर ताईचा बसचा पास पडलाय.

त्याच्याखाली एक कागद आहे. त्यावर तिच्या अक्षरात एकच ओळ — ‘उशीर होणार नाही आता, संध्याकाळी तुझं माप घेते. तुलाही एक सायकल बांधू.’